काचपट्टीवरील क्षण : अमेरिकन व्यावसायिक बेसबॉलचे छायाचित्रण आणि ऐतिहासिक पुराव्याचा प्रश्न

प्रस्तावना

बेसबॉलच्या इतिहासावरील बहुतेक ग्रंथांत एक छायाचित्र हमखास आढळते. न्यूयॉर्कमधील हिलटॉप पार्क या मैदानावर डेट्रॉइट संघाचा टाय कॉब तिसऱ्या बेसवर घसरत येऊन आदळला आहे. मातीचा लोट उठला आहे. न्यूयॉर्क संघाचा क्षेत्ररक्षक जिमी ऑस्टिन याच्या पायांखालची जमीन जणू निसटली आहे. हे छायाचित्र चार्ल्स कॉनलन यांनी टिपले. दीर्घकाळ त्याच्याखाली १९०९ हे वर्ष छापले जात होते. पुढील संशोधनानंतर ते १९१० च्या जुलैमधील असल्याचे मानले जाऊ लागले. इतक्या प्रसिद्ध चित्राच्या वर्षाबद्दल एवढा काळ गोंधळ राहावा, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाला सावध करणारी आहे.

लिखित साधनांची चिकित्सा कशी करावी, याचे शिक्षण इतिहासाच्या विद्यार्थ्याला पदवीच्या पहिल्या वर्षापासून मिळते. छायाचित्राच्या बाबतीत मात्र 'जे दिसते ते घडले' असा समज सहज धरला जातो. खेळाच्या छायाचित्राबाबत तो अधिकच दृढ असतो, कारण सेकंदाच्या हजाराव्या भागात खोटेपणाला वाव कोठून राहणार, असे वाटते. व्यावसायिक बेसबॉलमधील प्रत्यक्ष खेळाचे क्षण टिपण्याची कला कशी घडली, हे पाहताना या समजाची मर्यादा प्रस्तुत लेखात तपासली आहे. खेळाचा कोणता क्षण चित्ररूपाने उरला, हे भिंग व शटर यांनी ठरवले, हे खरेच; परंतु कॅमेरा घेऊन मैदानाच्या कडेला कोणाला उभे राहू दिले गेले, यानेही ते तितकेच ठरवले.

खेळाची गती

क्रिकेटशी परिचित वाचकाला बेसबॉल समजणे अवघड नाही. गोलंदाजाच्या जागी येथे पिचर असतो आणि यष्टिरक्षकाच्या जागी कॅचर. फलंदाजाला चेंडू मारून एकापुढे एक तीन बेस गाठून पुन्हा होम प्लेटवर यायचे असते. दोन बेसमधील अंतर ९० फूट असते. पिचर व होम प्लेट यांच्यातील ६० फूट ६ इंच हे अंतर १८९३ पासून कायम आहे. ताशी ९० मैल वेगाने टाकलेला चेंडू हे अंतर अर्ध्या सेकंदाहून कमी वेळात कापतो. बॅट आणि चेंडू यांचा स्पर्श तर सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागापुरताच टिकतो.

हा हिशेब छायाचित्रकाराच्या बाजूने मांडला की अडचण स्पष्ट होते. या वेगाचा चेंडू सेकंदाच्या शंभराव्या भागात सुमारे ४० सेंटिमीटर पुढे सरकतो, म्हणजे चित्रात चेंडूऐवजी एक पांढरट रेघ उमटते. हजाराव्या भागात तो सुमारे ४ सेंटिमीटर, म्हणजे स्वतःच्या व्यासाच्या निम्म्याहून थोडा अधिक सरकतो. चेंडू ओळखता यावा असे चित्र हवे असेल तर शटरचा वेग निदान या कोटीतला हवा. शटर जितके वेगवान तितका पट्टीवर पडणारा प्रकाश कमी, हे ओघाने आलेच.

दोरीला टांगलेला चेंडू

सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज हा उघडपणे वेतन देणारा पहिला व्यावसायिक संघ १८६९ मध्ये मैदानात उतरला आणि नॅशनल लीगची स्थापना १८७६ मध्ये झाली. त्या काळी ओल्या कलोडियनच्या काचपट्टीला काही सेकंदांचा प्रकाश द्यावा लागे. साहजिकच संघांची रांगेत बसलेली चित्रे निघाली. खेळाची निघाली नाहीत. सचित्र साप्ताहिकांतून सामन्याची जी दृश्ये छापली जात ती लाकडी ठशांवर कोरलेली असत आणि त्यांत कोरणाऱ्याच्या कल्पनेला मोकळीक असे.

पुढच्या पिढीत कोरड्या पट्ट्या आल्या आणि चित्रणाचा वेळ घटला. तरीही 'खेळतानाची' म्हणून जी चित्रे लोकप्रिय झाली ती मैदानातील नव्हतीच. न्यूयॉर्कच्या गुडविन अँड कंपनी या तंबाखू व्यापाऱ्यांनी १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'ओल्ड जज' सिगारेटच्या पाकिटात खेळाडूंची छोटी छायाचित्रे घालण्यास प्रारंभ केला. ब्रुकलिन येथील जोसेफ हॉल यांच्यासारख्या व्यावसायिक छायाचित्रकारांनी स्टुडिओत ती काढली. रंगवलेल्या पडद्यासमोर खेळाडू झेल घेण्याच्या पवित्र्यात उभा आहे आणि चेंडू हवेत आहे. नीट पाहिले असता तो दोरीने वरून टांगलेला दिसतो. काही चित्रांत खेळाडू स्टुडिओच्या जमिनीवर आडवा होऊन बेसकडे घसरल्याचा आव आणतो. ही चित्रे फसवणुकीच्या हेतूने काढली होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. दोरी लपवण्याचा फारसा प्रयत्नही केलेला नाही. प्रेक्षकाने ती दृष्टीआड करावी, हा त्या काळचा संकेत होता. नाटकातील पडद्यावरचा डोंगर प्रेक्षक जसा डोंगर म्हणून स्वीकारतो, तसाच हा प्रकार.

याच सुमारास पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एडवर्ड मायब्रिज हे अनेक कॅमेऱ्यांच्या साहाय्याने मानवी व प्राण्यांच्या हालचालींची क्रमचित्रे घेत होते. १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ७८१ चित्रफलकांच्या संग्रहात चेंडू टाकणारा, झेलणारा आणि बॅट फिरवणारा बेसबॉलपटूही आहे. गतीचे पृथक्करण करता येते, हे त्यांनी सिद्ध केले. मात्र त्यांची पार्श्वभूमी रेषांनी आखलेली होती आणि खेळाडू ठरवून हालचाल करत होता. समोर प्रतिस्पर्धी नव्हता, हरण्याची भीती नव्हती. क्रिकेटचा इतिहासही याहून वेगळा नाही. सी. बी. फ्राय व जॉर्ज बेल्डम यांच्या १९०५ च्या ग्रंथातील व्हिक्टर ट्रम्परचे पुढे झेपावतानाचे अजरामर चित्रही प्रत्यक्ष सामन्यातले नसून मुद्दाम घेतलेले आहे.

मुद्रितशोधकाचा कॅमेरा

प्रत्यक्ष सामन्यातील क्षण टिपता येण्यासाठी दोन गोष्टी जुळून याव्या लागल्या. छायाचित्र थेट वृत्तपत्राच्या कागदावर छापणारे हाफटोन तंत्र शतकाच्या अखेरीस रुळले आणि त्यामुळे अशा चित्रांना बाजारपेठ मिळाली. दुसरी गोष्ट म्हणजे फोल्मर अँड श्विंग या कंपनीचा ग्राफ्लेक्स कॅमेरा. त्यात काचपट्टीच्या अगदी पुढून फटी असलेला काळा पडदा वेगाने सरकत असे आणि सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंतचे चित्रण शक्य होई. आरशामुळे, वरच्या चामडी नळकांड्यात डोकावून दृश्य शटर दाबेपर्यंत पाहता येत असे. हे दृश्य डावे-उजवे उलटे दिसे. दुसऱ्या बेसकडून तिसऱ्याकडे धावणारा खेळाडू छायाचित्रकाराला विरुद्ध दिशेने पळताना दिसायचा, आणि तरीही कॅमेरा योग्य बाजूला वळवावा लागायचा. हातालाच हे वळण लागावे लागे.

चार्ल्स मार्टिन कॉनलन (१८६८–१९४५) हे न्यूयॉर्कच्या 'ईव्हनिंग टेलिग्राम' या वृत्तपत्रात मुद्रितशोधक होते. छायाचित्रण हा त्यांचा फावल्या वेळेचा छंद. त्याच वृत्तपत्रातील क्रीडापत्रकार जॉन फॉस्टर यांच्या सूचनेवरून त्यांनी १९०४ मध्ये बेसबॉलची चित्रे काढण्यास सुरुवात केली आणि पुढे जवळजवळ चार दशके हा क्रम चालू ठेवला. खेळाच्या वार्षिक मार्गदर्शिकांत व 'स्पोर्टिंग न्यूज' या साप्ताहिकात त्यांची चित्रे येत. नोकरी मात्र अक्षरे तपासण्याची. पिचरच्या बोटांची चेंडूवरील पकड त्यांनी ज्या बारकाईने टिपली आहे, ती पाहताना त्यांचा मूळ व्यवसाय आठवल्यावाचून राहत नाही.

कॉब-ऑस्टिन चित्राची हकीकत कॉनलन यांनी १९३७ मध्ये 'स्पोर्टिंग न्यूज'मध्ये सांगितली. ते तिसऱ्या बेसजवळ, मैदानाच्या आतच उभे होते. कॉब दुसऱ्या बेसवर होता. फलंदाज चेंडू हळूच समोर टाकून त्याला पुढे सरकवील, या अपेक्षेने ऑस्टिन काही पावले पुढे आला होता. तेवढ्यात कॉब धावत सुटला. प्रेक्षक ओरडले, ऑस्टिन मागे फिरला, आणि बेसवर माती, बुटांचे खिळे व माणसे यांचा एकच गोंधळ उडाला. ऑस्टिन जखमी झाला की काय, हा कॉनलन यांच्या मनातील पहिला विचार. तो धडपडत उठल्यावर त्यांना चित्राची आठवण झाली. शटर आपण दाबले की नाही, हे त्यांना सांगता येईना. असावे म्हणून त्यांनी पट्टी बदलली. नंतर ती धुतली तेव्हा संपूर्ण प्रसंग काचेवर होता.

ही हकीकत घटनेनंतर पंचवीसहून अधिक वर्षांनी सांगितलेली आहे, हे विसरून चालणार नाही. इतक्या वर्षांत अशा आठवणींना गोष्टीचा घाट येतो. तथापि तिच्यातील तांत्रिक तपशील विश्वासार्ह आहे. ग्राफ्लेक्समध्ये एक चित्र घेतल्यावर आरसा खाली आणणे, पडदा गुंडाळणे आणि पट्टी बदलणे या क्रिया हातानेच कराव्या लागत. एका प्रसंगाला एकच काच, दुसरी संधी नाही. म्हणून क्षणाचा अंदाज आधीच बांधावा लागे आणि त्यासाठी खेळ कळावा लागे. कॉनलन यांच्या संग्रहातील बहुसंख्य चित्रे सामन्यापूर्वीच्या सरावाची वा निव्वळ चेहऱ्यांची आहेत, याचे कारणही हेच. प्रत्यक्ष झुंजीची चित्रे हा त्या संग्रहाचा लहान भाग आहे. आपल्या स्मरणात मात्र तोच संग्रह होऊन बसला आहे.

आणखी एक सूक्ष्म मुद्दा. पडद्याची फट पट्टीवरून सरकत जात असल्याने चित्राचे सर्व भाग एकाच वेळी उजळत नाहीत. एक कडा आधी, दुसरी नंतर. फार वेगवान वस्तू त्यामुळे तिरपी वा ताणलेली उमटते. ज्याला 'एक क्षण' म्हटले जाते तो वस्तुतः अनेक क्षणांची एकापुढे एक मांडलेली पट्टी असतो.

मैदानातून सज्जात

कॉनलन यांच्या पिढीतील छायाचित्रकार सीमारेषेपलीकडे नसून खेळाडूंच्या निकट, फाउल रेषांच्या बाहेरील गवतावर वावरत. नियमपुस्तकानेही त्यांचे अस्तित्व मान्य केलेले होते. सामना चालू असताना मैदानात कोणाला थांबता येईल त्या यादीत पंच, प्रशिक्षक व गणवेशधारी पोलीस यांच्याबरोबर यजमान संघाने अधिकृत केलेले वृत्तछायाचित्रकार यांचाही समावेश आहे. चेंडू त्यांना अनवधानाने लागला तर तो खेळातच राहतो. 'यजमान संघाने अधिकृत केलेले' हे शब्द लक्षात ठेवण्याजोगे आहेत, कारण मैदानाच्या दरवाजाची किल्ली त्यांत आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही मुभा आक्रसत गेली. छायाचित्रकार प्रथम कडेला, मग राखीव खड्ड्यांत आणि सज्जांत गेले. अंतर वाढले तशी भिंगे लांबली. पहिल्या महायुद्धातील अवाढव्य जर्मन तोफेवरून 'बिग बर्था' असे नाव पडलेला कॅमेरा म्हणजे ग्राफ्लेक्सलाच जोडलेले लांबलचक दूरभिंग. त्याच्या तरफेला खाचा पाडलेल्या असत, प्रत्येक बेससाठी एक. पहिल्या बेसवर काही घडले की तरफ त्या खाचेत सरकवायची, म्हणजे अंतर आपोआप जुळे. साधी, ओबडधोबड, पण अत्यंत हुशार युक्ती. तिचा परिणाम असा की छायाचित्रकाराचे लक्ष बेसवरच खिळले. त्या काळातील चित्रांत बेसवरील झटापटीच अधिक आढळतात, त्यात या खाचांचाही वाटा असला पाहिजे.

पंचाचा निर्णय आणि चित्राची साक्ष

२८ सप्टेंबर १९५५. वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना, यँकी स्टेडियम. आठव्या डावात ब्रुकलिन डॉजर्सचा छत्तीस वर्षांचा जॅकी रॉबिन्सन तिसऱ्या बेसवरून थेट होम प्लेटकडे धावला. पिचर व्हायटी फोर्डने चेंडू टाकला आणि कॅचर योगी बेरा याने तो रॉबिन्सनच्या पायाला टेकवला. पंच बिल समर्स यांनी रॉबिन्सन नाबाद असल्याची खूण केली. बेरा उसळून पंचांच्या अंगावर धावून गेला. डॉजर्स हा सामना ५–६ असा हरले, मालिका मात्र त्यांनी जिंकली. रॉबिन्सन १९७२ मध्ये निवर्तला, बेरा २०१५ मध्ये. तो बाद होता, हे म्हणणे बेराने अखेरपर्यंत सोडले नाही.

या क्षणाची छायाचित्रे व चलच्चित्रण दोन्ही उपलब्ध आहेत. तरीही वाद मिटला नाही. मुद्दा होता तो पाय आधी पोचला की हातमोजा, हा, म्हणजे क्रमाचा. एका स्थिरचित्राला आधी आणि नंतर नसते. त्यात स्पर्श दिसला तरी तो केव्हाचा हे कळत नाही, आणि बेराचे शरीर नेमक्या कोनात आड येते. दुसऱ्या बाजूने घेतलेले चित्र दुसरी बाजू लपवते. पंच चुकला की नाही हे चित्र सांगू शकत नाही. दोन माणसांनी किती निकराने झुंज दिली हे मात्र कोणत्याही वृत्तांताहून ते अधिक चांगले सांगते. व्यावसायिक बेसबॉलने ध्वनिचित्रफितीच्या आधारे निर्णय तपासण्यास २००८ मध्ये होमरनपुरती आणि २०१४ पासून व्यापक प्रमाणावर मान्यता दिली, तेव्हाही आधार घेतला तो अनेक कोनांतून घेतलेल्या चलच्चित्रांचा.

प्रत्यक्ष खेळ नसलेले एक चित्रही येथे नोंदवणे आवश्यक आहे. १३ जून १९४८ रोजी आजाराने खंगलेला बेब रूथ यँकी स्टेडियमवर निरोपासाठी आला. 'हेरल्ड ट्रिब्यून'चे नॅट फाइन हे एका आजारी सहकाऱ्याच्या जागी आले होते. इतर छायाचित्रकार रूथच्या समोर गर्दी करून असताना ते मागे गेले आणि फ्लॅश न वापरता, ढगाळ उजेडात त्यांनी रूथची पाठ, तिच्यावरील ३ हा क्रमांक आणि आधाराला धरलेली बॅट टिपली. १९४९ चे पुलित्झर पारितोषिक या चित्राला मिळाले. दोन महिन्यांनी, १६ ऑगस्टला रूथ वारला होता. सर्वांहून वेगळ्या जागी उभे राहण्याचे हे फळ.

यापुढील तांत्रिक वाटचाल वेगाने आटोपते. १९५४ मध्ये 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'च्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर मार्क कॉफमन यांनी टिपलेला एडी मॅथ्यूजचा फटका रंगीत झळकला. १९५९ च्या निकॉन एफ कॅमेऱ्याला मोटर जोडता येऊ लागली आणि सेकंदाला तीन-चार चित्रे मिळू लागली. पुढे स्वयंचलित केंद्रीकरण आले, मग फिल्मच गेली. अलीकडचे काही कॅमेरे शटर दाबण्यापूर्वीचीही चित्रे साठवून ठेवतात. २०२३ मध्ये आलेल्या सोनीच्या एका कॅमेऱ्यात तर सर्व चित्र एकाच वेळी उजळते आणि सेकंदाला १२० चित्रे निघतात. दाबले की नाही, ही कॉनलन यांची शंका अशा कॅमेऱ्याने निकालात काढली. फटीचा तिरपेपणाही गेला. जागेचा प्रश्न मात्र कोणत्याही यंत्राने सोडवलेला नाही.

ज्यांची पट्टी उघडलीच नाही

कॉनलन यांच्या सुमारे आठ हजार निगेटिव्ह 'स्पोर्टिंग न्यूज'च्या संग्रही राहिल्या आणि १९९३ मध्ये नील व कॉन्स्टन्स मकेब यांनी त्यांतील निवडक चित्रांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या ग्रंथाने एका संपूर्ण कालखंडाला चेहरा दिला. परंतु कॉनलन यांनी ज्या लीगमध्ये कॅमेरा धरला, तेथे त्यांच्या उमेदीच्या सर्व वर्षांत कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेशच नव्हता. हा भेद १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सनच्या पदार्पणाने मोडला, म्हणजे कॉनलन यांच्या मृत्यूनंतर.

कृष्णवर्णीयांचे व्यावसायिक बेसबॉल त्याच वेळी स्वतंत्रपणे चालू होते. निग्रो नॅशनल लीग १९२० मध्ये स्थापन झाली. तेथील प्रत्यक्ष खेळाची चित्रे तुलनेने फार थोडी मिळतात. याची कारणे एकाहून अधिक असावीत. मोठ्या दैनिकांचे छायाचित्रकार त्या सामन्यांकडे क्वचित फिरकत. ज्या कृष्णवर्णीय वृत्तपत्रांनी हा खेळ जिवंत ठेवला, त्यांतील 'पिट्सबर्ग कुरियर'सारखी प्रमुख पत्रे साप्ताहिके होती. रोजच्या सामन्याच्या ताज्या क्षणापेक्षा संघाचे व खेळाडूचे चित्र त्यांना अधिक उपयोगी पडे. शिवाय कॅन्सस सिटी मोनार्क्स या संघाने १९३० मध्येच फिरते विद्युत्‌दिवे घेऊन रात्रीचे सामने सुरू केले, म्हणजे गौरवर्णीयांच्या मेजर लीगमधील पहिल्या रात्रीच्या सामन्याच्या पाच वर्षे आधी. कामगार प्रेक्षकाला संध्याकाळी सामना पाहता आला. सेकंदाच्या हजाराव्या भागाला लागणारा उजेड मात्र त्या दिव्यांत कोठून येणार?

याला एक मोठा अपवाद म्हणजे 'कुरियर'चे छायाचित्रकार चार्ल्स 'टीनी' हॅरिस (१९०८–१९९८). पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स या संघाच्या आरंभकाळात ते स्वतः त्यात खेळले होते. पिट्सबर्गचे महापौर डेव्हिड लॉरेन्स यांनी त्यांना 'वन शॉट' हे टोपणनाव दिले, कारण इतर छायाचित्रकार अनेक चित्रे घेत असताना हॅरिस एकच घेऊन निघत. कॉनलन यांच्या हातात एकच पट्टी असे ती यंत्रामुळे. हॅरिस यांच्या बाबतीत फ्लॅशच्या दिव्यांची काटकसर हेही एक कारण होते. त्यांच्या सुमारे ऐंशी हजार निगेटिव्ह कार्नेगी कला संग्रहालयाने २००१ मध्ये मिळवल्या. बेसबॉल हा त्या प्रचंड संग्रहाचा केवळ एक कोपरा आहे, कारण हॅरिस यांना लग्ने, मिरवणुका, दुकाने, शाळा असे अख्खे शहर टिपायचे होते.

डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ या काळातील निग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा दिला. मे २०२४ मध्ये त्यांची आकडेवारी अधिकृत नोंदींत समाविष्ट झाली. फलंदाजीच्या कारकीर्दीतील सर्वोच्च सरासरीचा मान तोवर टाय कॉबकडे होता. नव्या नोंदीनुसार ०.३७२ या सरासरीने जॉश गिब्सन पहिल्या स्थानी आला आणि ०.३६७ सह कॉब दुसऱ्या. गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये, रॉबिन्सनच्या पदार्पणाच्या तीन महिने आधी मरण पावला होता.

आकडे वृत्तपत्रांच्या जुन्या धावफलकांतून जुळवता आले. चित्रे तशी जुळवता येत नाहीत. गिब्सनच्या प्रत्यक्ष खेळाची जी थोडी छायाचित्रे आहेत त्यांतील एक १९४४ च्या ईस्ट-वेस्ट सामन्यातील, शिकागोच्या कॉमिस्की पार्कवरचे आहे. गिब्सन होम प्लेटकडे घसरत येत आहे, कॅचर टेड रॅडक्लिफ समोर आहे, आणि दोघांच्या मध्ये तशीच माती उडाली आहे, जशी हिलटॉप पार्कवर कॉबच्या पायांखालून उडाली होती.